नंबरचा गॉगल

पाऊस असा कोसळत होता की तरणतलावात होते तेव्हाच मी जास्त कोरडी होते म्हणायचं! सराव संपला होता, केस निथळत होते, खांद्यावर जड बॅग. फाटकाजवळ स्कूटर दिसली, तिच्यावर हेल्मेट घातलेला दादा. मी धावत गेले, मागे बसले आणि त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.

“चल दादा, भुकेने जीव जातोय माझा!”

स्कूटर हलली नाही. हेल्मेट सावकाश मागे वळलं. आत भलतेच डोळे… तपकिरी आणि हसरे.

“मी तुमचा दादा नाही,” तो म्हणाला, “आणि… व्हायची इच्छाही नाही.”

मी टुणकन खाली उतरले. खरा दादा रस्त्यापलीकडे पोट धरधरून हसत होता. आमची स्कूटर हिरवी. ही चक्क निळी!

“तुम्हाला नंबर असणार,” तो म्हणाला.

“नंबरबिंबर मी कुणाला देत नसते!”

“अहो, डोळ्यांचा म्हणतोय! पुढच्या वळणावर आमचं चष्म्याचं दुकान आहे. या एकदा.”

माझे कान तापले. लाजेने की रागाने, कोण जाणे.

राग यायचं कारण एवढंच, की तो खरं बोलत होता. मी पाठीवर पोहते, बॅकस्ट्रोक. पाठीवर पोहणाऱ्याला समोरची भिंत दिसत नाही, म्हणून भिंतीच्या थोडं अलीकडे तलावावर पताकांची दोरी बांधलेली असते. पताका डोक्यावरून गेल्या की हात मोजायचे आणि वळायचं. आमच्या तलावातल्या पताका लालभडक, त्या कशाबशा दिसायच्या. पण देशाचा संघ निवडायच्या पहिल्या चाचणीत त्या होत्या पांढऱ्या. ढगाळ आभाळात विरघळूनच गेल्या, आणि मी डोक्याने भिंतीवर आदळले. सरांना सांगितलं, पेटका आला. आता एकच चाचणी उरली होती. डोळ्यांचं कळलं तर सर दुसरीला उभी करतील… या धास्तीने मी घरातसुद्धा तोंड उघडलं नव्हतं.

शेवटी एका दुपारी गेलेच त्या दुकानात. त्याचे बाबा गल्ल्यावर पेपर वाचत होते. त्याने मला आतल्या अंधाऱ्या खोलीत बसवलं, नाकावर ती अवजड चौकट चढवली आणि भिंग बदलत विचारू लागला.

“हे स्पष्ट… की हे?”

“पहिलं… नाही, दुसरं. तुम्ही हलू नका ना!”

“मी हललो? अक्षरं तिकडे भिंतीवर आहेत. तुम्ही बघताय कुठे?”

मी झटकन भिंतीकडे बघितलं. अंधार होता म्हणून बरं.

तपासणी झाल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. का सांगितलं, माहीत नाही. घरच्यांना न सांगितलेलं, एका चष्मेवाल्याला!

“पोहायच्या गॉगलला नंबरच्या काचा बसतात,” तो म्हणाला. “करून देतो. पण एक अट… तुमच्या सरांना तुम्ही स्वतः सांगायचं.”

“आणि त्यांनी काढलं मला तर?”

“आणि पुन्हा डोकं आपटलं तर?” त्याचा आवाज एकदम मऊ झाला. “पदकं पुष्कळ मिळतील हो. डोकं एकच आहे.”

दुसऱ्या दिवशी मी धीर करून सरांपुढे उभी राहिले. सगळं ऐकून ते म्हणाले,

“म्हणजे लांबून हात केला तरी तू बघत नाहीस, तो शिष्टपणा नव्हता होय? वेडी कुठली! आधी सांगायला काय झालं होतं?”

नवा गॉगल घालून पाण्यात पाठीवर पडले आणि… अगं बाई! पताकांना शिवण असते. छताला पाली असतात. आणि प्रेक्षकांच्या बाकावर तो बसला होता, “काचा नीट बसल्यात का बघायला.” नंतर हे बघणं रोजचंच झालं. दादा म्हणायचा, “काय गं, त्या काचा रोज सैल होतात का?”

माझी निवड झाली. परदेशी निघायच्या आदल्या दिवशी तो फाटकाशी भेटला. “तुम्हाला एक सांगायचं होतं…” म्हणाला, आणि मग बराच वेळ हेल्मेटचा पट्टाच चाळवत राहिला. “नीट… खात जा तिकडे.” एवढंच! मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला.

अंतिम शर्यतीत मी जीव तोडून पोहले. भिंतीला हात लागताच मान वर केली आणि लांबचा फलक आयुष्यात पहिल्यांदा स्वतः वाचला. देशाचं नाव, माझं नाव, आजवरची माझी सर्वांत चांगली वेळ. आणि पुढे आकडा… चार. पदक बोटभर अंतराने हुकलं होतं.

अंगाला टॉवेल गुंडाळून मी कपडे बदलायच्या खोलीबाहेर बसले आणि त्याला फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला गेला.

“तू… पाहिलंस?”

पलीकडून हळूच आलं, “आत्ता काय म्हणालीस?”

“चुकून आलं तोंडातून.”

“मग अजून चुक ना जरा.”

मी हसले, आणि हसता हसता बांध फुटला. “चौथी आले रे मी…”

“रड. पोटभर रड, मी आहे.” तो थांबला. “दुकानात गिऱ्हाइकं खोळंबली होती, मी टीव्हीसमोरून हललो नाही. बाबांनी विचारलं, कोण लागते ती तुझी?”

“मग… काय सांगितलंस?”

“म्हटलं, मला वाटतं ते मी सांगीन. पण… आधी तिला विचारू दे.”

माझे डोळे अजून वाहत होते, पण बोलले अगदी ठणठणीत. “फोन दे बाबांकडे.”

“अगं—”

“दे म्हणते ना!”

खुडबुड झाली. मग एक घोगरा आवाज आला, “हं, बोल बाळ. छान पोहलीस हो!”

“काका, तुम्ही मघाशी याला काही विचारलंत ना? त्याला वाटतं, तेच मलाही वाटतं. आल्यावर घरी येते, तेव्हा नीट सांगीन.”

“ये, ये. लवकरच ये बाई,” काका म्हणाले. “तू गेल्यापासून याचं चित्त थाऱ्यावर नाही. आज सकाळी एका आजोबांना फुलाफुलांची फ्रेम बसवून दिली याने… आणि आजोबा खुशीत घालून गेलेसुद्धा!”