पहिला घोट

रंभा सकाळी भट्टीवर गेली ती मडकं आणायला, आणि तिथंच तिची बोबडी वळली. नाल्याच्या काठी लच्छू पडला होता. दातखीळ बसलेली, पाठ कमानीसारखी वाकलेली, ओठांवर वाळलेला फेस. थोड्या अंतरावर गावातलं एक कुत्रं मरून पडलं होतं. त्याच्या तोंडापाशी पळसाच्या पानांचा द्रोण होता, चाटून चाटून फाटलेला. आणि मधे तिच्या बापाची बाटली, निम्मी भरलेली.

दुसरी एखादी पोर किंचाळली असती. पण रंभा दारू गाळणाऱ्या घरात वाढलेली. काहीही झालं तरी भट्टीवर आवाज करायचा नाही, हे तिला कळायला लागल्यापासून शिकवलेलं. तोंडावर हात दाबून ती घराकडे पळत सुटली.

गाव मोहर्लीच्या अलीकडे, जंगलाला अगदी खेटून. चांदा जिल्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता आणि आता पुरती दारूबंदी येणार अशी हूल उठली होती. रंभाचा बाप इतवारी आणि त्याचा धाकटा भाऊ पोचू मिळून मोहाची दारू गाळत. लच्छू ती घुग्घुसच्या खाणीवर पोचवी. त्या वर्षी आबकारीवाल्यांनी येऊन त्यांची भट्टी दोनदा फोडली होती. कुणीतरी चहाडी करत होतं. कोण ते कळत नव्हतं, आणि त्या धास्तीनं घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे.

या धंद्याची एक रीत होती. बाटली दुसऱ्याच्या हाती देण्याआधी गाळणाऱ्यानं तिच्यातला एक घोट स्वतः घ्यायचा. माझ्या मालात खोट नाही, हे न बोलता सांगायचं. पोचूकाकाच्या तर ते इतकं अंगवळणी पडलं होतं की लग्नघरी पाण्याचा तांब्या देतानाही तो आधी स्वतःच्या तोंडाला लावी, आणि बाया त्याची टर उडवत. लच्छू होता महासंशयी. गाळणाऱ्याचा घोट डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यानं जन्मात कधी थेंब घेतला नव्हता.

भट्टीवर माणसं जमली. कुत्रं पाहिलं आणि विष, विष म्हणत सगळे मागे सरले. कोतवाल इसरूनं मढ्यावर घोंगडी टाकता टाकता पोचूला बाटली मागितली. ठाणेदाराकडे द्यावी लागणार होती. तेवढ्यात तापानं फणफणलेला इतवारी काठी टेकत आला आणि साऱ्यांच्या माना तिकडे वळल्या. पोचूनं बाटली उचलली, घोट घेतला, बूच लावलं आणि इसरूच्या हातात दिली. हे एकट्या रंभानं पाहिलं. ती काकाच्या ओठांकडे बघत राहिली.

दुपारी ठाणेदार गुणवंतराव आले. चावडीत त्यांनी बाटली मेजावर ठेवली आणि इतवारीचे हात बांधून त्याला समोर बसवलं.

"दारू तुझी?"

"माहीच हाय साहेब."

"काल दिवस मावळताना कुठं होतास?"

"घरी. ताप होता."

"कुणी पाहिलं?"

"बायकोनं. पोरीनं."

"घरच्यांनीच," ठाणेदार म्हणाले आणि पोचूकडे वळले. "तू?"

"जंगलात. सरपन आनाले गेलतो."

"तुला कुणी पाहिलं?"

"वाघानं पाह्यलं असन त पाह्यलं असन."

ठाणेदारांनी गावकऱ्यांना एकेक करून विचारलं. जो तो हेच बोलला की लच्छूच चहाड असावा आणि इतवारीला त्याचा सुगावा लागला असावा. मग काय, सगळं जुळलं. कबूल हो म्हणत इतवारीला काठीनं बडवलं. बैलगाडी जुंपायला सांगितली. आता चांद्याचा तुरुंग, मग खटला, मग फास. रंभाची आई रुखमाबाई खांबाला डोकं टेकून मुक्यानं रडत होती.

रंभा मात्र सकाळपासून काकाला सोडत नव्हती. तो उठला की उठे, बसला की बसे. त्याच्या हातांकडे बघे, ओठांकडे बघे. त्यानं भाकरी खाल्ली तेव्हाही घास गिळेपर्यंत तिची नजर त्याच्या गळ्यावर होती. शेवटी तो वैतागला.

"मले काऊन पाहून राह्यली गं?"

"काई नाई," ती म्हणाली.

गाडी दारात आली. इसरूनं इतवारीला दंडाला धरून उठवलं. तशी रंभा पुढे झाली, मेजावरची बाटली उचलली, बूच काढलं आणि तोंडाला लावली.

एकच गलका झाला. इतवारी बांधल्या हातांनी धावला आणि तोंडावर आपटला. रुखमाबाई किंचाळली. ठाणेदारांनी झडप घालून रंभाचं मनगट पिरगाळलं, पण घोट गिळून झाला होता.

"थुंक! थुंक आधी!"

"मी मरत नाई साहेब," रंभानं तोंड पुसलं. "इथी अजून एका मानसाले ते ठाऊक हाय. पाहा, कोन उठलं नाई."

ठाणेदारांनी मान वळवली. पोचू भिंतीला टेकून जिथल्या तिथं बसला होता. ती लहानपणापासून ज्याच्या खांद्यावर वाढली, तो काका जागचा हललासुद्धा नव्हता.

"बोल," ठाणेदार हळू आवाजात म्हणाले.

"बाटलीत विष नाई. द्रोनात होतं. कुत्र्यानं द्रोनच चाटला. लच्छूभाऊ गाळनाऱ्याचा घोट पाह्यल्याबिगर पेत नोता, हे साऱ्या गावाले ठाऊक हाय. म्हंजे काल त्याच्यासंगं गाळनाराच बसला होता. त्यानं बाटलीतून घोट घेतला, मंग त्याले द्रोनात देली. गाळनारे दोघंच. माहा बा, नाई त काका."

"मग बाप का नाही?"

"सकाळी सारे विष म्हनून मांगं सरले. काकानं तीच बाटली उचलली, घोट घेतला न इसरूभाऊले देली. सवयीनं. सवय बालेबी हाय साहेब. पन कुत्रं मरून पडलेलं दिसते तवा कोनाचाबी हात थांबते. त्याचा थांबला नाई. विष कुठी हाय न कुठी नाई, हे त्याले पक्कं ठाऊक होतं."

ठाणेदार पोचूसमोर उकिडवे बसले.

"लच्छूचं तोंड तुला बंद करायचं होतं. चहाड लच्छू नव्हता. तू होतास. खरं ना?"

पोचू जमिनीकडे बघत बोलला, अगदी साध्या आवाजात. हिवाळ्यात आबकारीच्या एका जमादारानं त्याला मालासकट धरलं होतं आणि भट्ट्या दाखवायच्या बोलीवर सोडलं होतं. लच्छूनं दोघांना बोलताना पाहिलं. काल तो सांगायला आला की उद्या इतवारीच्या कानावर घालतो. पोचूनं कुचल्याच्या विषारी बियांची पूड आधीच कनवटीला लावून ठेवली होती.

"मले दादाचं भेव वाटे," तो म्हणाला.

"आणि दादा फासावर गेला असता तर?"

पोचू उठला आणि त्यानं हात बांधायला पुढे केले.

इतवारीवरचा खुनाचा आळ गेला, पण दारू त्याचीच होती. त्यालाही चांद्याला जावंच लागणार होतं, मात्र तो परत येणार होता. गाडीत चढायच्या आधी ठाणेदारांनी त्याचे हात सोडले आणि पोरीशी बोलू दिलं. तो तिच्याजवळ आला. तापानं आणि मारानं त्याला धड उभं राहवत नव्हतं.

"पोरी, तुले सकाळीच दिसलं होतं. मले बांधलं, मारलं, तरी सांजेलोक गप काऊन राह्यली?"

रंभानं गाडीकडे पाहिलं. काका पाठमोरा बसला होता.

"वाट पाहून राह्यलती बा."

"कशाची?"

"काका मरन म्हनून. तो मेला असता त त्यानं काई केलं नोतं असं झालं असतं."

इतवारीनं तिला पोटाशी धरलं, आणि सकाळपासून रडू दाबून धरलेली पोर तिथं पहिल्यांदा मोठ्यानं रडली.