शेजारच्या कोपीतली भज्जी

अंबिका कोपीत शिरली ती पाठमोरी. बाहेरून कुणी बघत तर नाही ना, एवढं पाहण्याच्या नादात आत कोण आहे ते तिनं पाहिलंच नाही. कडब्याच्या पेंढ्या रचून केलेला तोच आडोसा, आत मांडलेले चुन्यानं रंगवलेले तेच पाच दगडांचे पांडव, समोर तसाच दिवा. आपलीच कोप समजून ती हुश्श करत खाली बसली आणि हातातल्या डब्याचं झाकण उघडलं.

"काकडी?" अगदी जवळून कुणीतरी विचारलं. "येळवसला?"

दिव्यात तेल घालता घालता थांबलेला एक तरुण तिच्याकडे डोळे मोठे करून बघत होता.

"ही... आमची कोप न्हाई?"

"तुमची बांधाच्या पलीकडं." तो हसला. "मी सोमेश. लातुरात आमची डाळमिल हाय. पण आता बसलाव तर उठू नका. येळवसला कोपीत आलेलं माणूस उपाशी गेलं तर आई मला घरात घेणार न्हाई."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी लातूरचा बाजार ओस पडतो आणि सगळं शहर रानात जेवायला जातं. अंबिकाला मात्र यंदा हा सण संकटासारखा वाटत होता. पुण्याच्या स्थळाचा होकार आला होता, पण मुलीनं लग्नाआधी बारीक व्हायचं, या अटीवर. मुलाच्या आईनं पावडरीचा डबाच पाठवला होता. सकाळ-संध्याकाळ तीच पाण्यात कालवून प्यायची! तिच्या वडिलांनी, अप्पांनी, तिच्यासाठी स्थळं शोधून चपला झिजवल्या होत्या, म्हणून तिनं मुकाट्यानं मान डोलावली. रक्तातली साखर काठावर आहे, वजन उतरवा, असं डॉक्टरीणबाईंनीही बजावलं होतंच. मग दिवसभर उपाशी राहायचं आणि जीव कासावीस झाला की स्वयंपाकघराचं दार लोटून खारी-टोस्टवर तुटून पडायचं, असं तिचं चाललं होतं. चारचौघांत ती घास घेत नसे. जाड मुलगी जेवायला लागली की लोक आधी तिच्या ताटाकडे बघतात, हे तिला शाळेपासून ठाऊक होतं.

"मी डाएटवर हाय," ती कशीबशी म्हणाली.

"मी पण!"

"थट्टा नका करू."

"देवाशपथ. गेल्या येळवसला ह्या दारातून मला तिरकं होऊन यावं लागलं होतं. इचारा आईला."

त्याची आई, शिवगंगाबाई, तेवढ्यात पातेलं घेऊन आत आल्या. अनोळखी मुलगी बघून त्यांनी कोण, कुठली, काही विचारलं नाही. सरळ तिच्यापुढं ताट मांडलं आणि पातेल्यावरचं झाकण काढलं.

भज्जीची वाफ वर आली. तुरीचे कोवळे दाणे, वाटाणा, हरभरा, वाल, मेथी, पालक, पातीचा कांदा... बेसन आणि आंबट ताकात शिजलेलं. अंबिकानं जन्मापासून दर वर्षी भज्जी पाहिली होती, पण तिच्याकडे असं बघितलं नव्हतं. कोपीच्या दारातून दिसत होतं ते सारं रानच जणू पातेल्यात उतरलं होतं. बाहेर ज्वारीची कणसं डुलत होती, करडीची पिवळी फुलं उन्हात चमकत होती, आणि हे सगळं आपल्याला खाता येतं याचंच तिला नवल वाटलं.

"हे बघा," सोमेश समजावू लागला, "भज्जी पोटभर. बाजरीचा उकडलेला उंडा एक. आंबील पाहिजे तेवढी. खीर चाखण्यापुरती."

"आणि तिळाची पोळी?"

"ती डोळ्यांनी खायची."

तिला हसू फुटलं. मग ती एकदम गंभीर झाली. "तुमी... तिकडं तोंड करा. मग खाते."

त्यानं का म्हणून विचारलं नाही. निमूटपणे पाठ फिरवून बसला. पहिल्या घासाला तिची जीभ भाजली, दुसऱ्याला डोळे भरून आले. इतकी भूक आपल्या पोटात होती?

"आता वळू?"

"न्हाई."

"...आता?"

तिनं उंड्याचा तुकडा मोडून भज्जीत बुडवला. "वळा."

तो वळला. ताटात काय उरलं, किती उरलं, तिकडे त्याची नजर गेलीच नाही. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला, आणि त्याच्या डोळ्यांत एवढं कौतुक होतं की अंबिका भांबावून गेली. आपल्याकडे असंही बघता येतं?

त्या दिवसापासून पावडरीचा डबा अडगळीत गेला. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, मोडाची मटकी, ताक असं ती वेळेवर आणि सगळ्यांसोबत जेवू लागली. मग दाराआडच्या खारीची आठवणही येईना. पहाटे ती फिरायला निघायची, आणि नेमका सोमेशही तिथंच फिरायला यायचा!

"तुझं घर तर शहराच्या त्या टोकाला हाय," ती म्हणायची. तोवर ती दोघं अरेतुरेवर आली होती.

"तिकडची हवा बरी न्हाई," तो म्हणायचा आणि खिशातून हरभऱ्याचे घाटे काढून तिच्या ओंजळीत ठेवायचा. बोटाला बोट लागलं की दोघंही उगाचच रस्त्याकडे बघायची. मनातलं मात्र कुणीच बोलत नव्हतं. तिचं पुण्याला ठरलंय, हे त्याला ठाऊक होतं.

गुढीपाडव्याच्या आधी पुण्याची मंडळी आली. साखर उतरली म्हणून डॉक्टरीणबाई खूश होत्या, अंगही हलकं झालं होतं. मुलाच्या आईनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"छान! पावडर लागू पडली. अजून थोडी उतर, मग तारीख धरू."

समोर पोह्यांच्या बशा होत्या. अंबिकानं एक उचलली आणि सगळ्यांसमोर, सावकाश, चवीनं खाऊ लागली. सगळे पाहुणे बशीकडे बघत होते. तिनं शेवटचा घास खाल्ला.

"पावडर मी कधीच बंद केली. जेवून बारीक झाले मी. अजून किती व्हायचं, ते मी माझ्या तब्येतीकडे बघून ठरवीन. मला हे लग्न करायचं नाही."

पाहुणे तावातावानं उठून गेले. अंबिकाला अप्पांकडे बघायचं धाडस होईना. इतक्या वर्षांची त्यांची पायपीट तिनं एका बशीत संपवली होती. अप्पांनी आपल्यापुढची बशी तिच्याकडे सरकवली.

"अजून घे, बाळा. तुला असं खाताना मी कधी बघितलंच न्हाई."

डोळे पुसत तिनं अंगणात येऊन फोन लावला.

"सोमेश... पुण्याचं मोडलं. मीच मोडलं."

त्यानं लगेच विचारलं, "कामून?"

"मला जेवताना बघून ज्याला आनंद होतो, असा माणूस पाहिजे मला."

"मी येळवसपासून तेच करायलोय की, अंबिका. लई आवडतेस तू मला. पण तुझं ठरलेलं... मी कसं बोलणार होतो?"

"मग आता बोल. अप्पांशी."

"आईला घेऊन येतो. आत्ताच."

"आत्ता? जेवायची वेळ झाली रे."

"म्हणूनच तर!"