विहिरीतला समुद्र

कुसाने ती बाटली रिकामी केली ती अगदी चांगल्या मनाने. सकाळी उठून कालचं पाणी ओतायचं आणि ताजं भरायचं, हे वळण आईने तिच्या हाताला लहानपणीच लावलं होतं. छत्तीस सालच्या आश्विनात ती सातपूरच्या मळ्यातल्या विहिरीवर आली, तर खालच्या पायरीजवळ दोरीला काळ्या फडक्यात गुंडाळलेली बाटली लोंबत होती. आतलं पाणी गढूळ, वास कुबट. कुणा वाटसरूची असेल बिचाऱ्याची, म्हणून तिने ती राखेने लख्ख घासली, विहिरीचं पाणी भरलं आणि होती तशी बांधून ठेवली.

"हे... हे कुणी केलं?"

पायऱ्यांवर सावळीरामांचा रंगनाथ उभा होता. मुंबईच्या कॉलेजात समुद्राचा अभ्यास करणारा, गावाला ऐकून ठाऊक असलेला.

"मी," कुसा म्हणाली. "घासली पण."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता पायरीवर बसला. मग हळूहळू सांगू लागला. पावसाळ्यात वारा आणि प्रवाह मिळून किनाऱ्याजवळचं वरचं पाणी लांब नेतात, आणि त्या जागी तळाचं गार पाणी वर येतं. मेलेलं सारं खाली गेलेलं असतं. डोळ्यांना न दिसणारे जंतू अंधारात त्याचं खत करतात. तेच खत वर आलं की समुद्रात बारीक हिरवळ माजते आणि तिच्यावर मासळी पोसते. मालवणहून आणलेले तसले जंतू बाटलीत कामाला लागले होते. मुंबईच्या उकाड्यात टिकणार नाहीत, म्हणून ही विहीर. नाताळात ते प्रोफेसरांना दाखवायचे होते. तरच प्रयोगशाळेत जागा, नाहीतर वडिलांनी बघून ठेवलेली मनमाडची रेल्वेतली कारकुनी.

"आम्ही उन्हाळ्यात गाळ काढून वाफ्यात टाकतो, तसंच की," कुसा पुटपुटली. तिला रडू येत होतं.

तो हसला. "तसंच. फक्त पाटी-कुदळ नाही."

त्यानंतर रंगनाथ रोज विहिरीवर येऊ लागला. बाटली तर गेली होती. मग कशाला, हे दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही. ती झेंडू खुडायची, तो समुद्र सांगायचा. एकदा तो सहज म्हणाला, "मनमाड तसं जवळ आहे... दर रविवारी येता येईल." कुसाला आनंद झाला, आणि त्या आनंदाची लाजही वाटली. तिच्याच चुकीने तो हाती लागत होता.

दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "ते पाणी परत मिळंल का?"

त्याने नजर चुकवली. "दिवाळीपर्यंत. मग प्रवाह उलटा फिरतो, तळाचं पाणी वर येत नाही."

"मग हितं काय करताय?"

"तुला माहीत नाही?"

"माहीत हाय." तिने रिकामी बाटली पुढे केली. "म्हणूनच सांगते, मालवणला जा. माझ्यापायी ऱ्हायलात तर जन्मभर माझ्याकडं बघताना तुम्हाला हीच दिसंल. मला ते नाय चालायचं... मला तुम्ही पायजे."

तो संध्याकाळच्याच गाडीने गेला.

दिवाळी आली आणि गेली. हार करताना कुसाची सुई रोज बोटात शिरायची. विहिरीवर आली की नजर आधी खालच्या पायरीकडे जायची, आणि तिथे नुसतं पाणी असायचं.

मग एका सकाळी दोरी ताणलेली दिसली. काळं फडकं, आत बाटली, पाणी गढूळ. कुसाचा हात सवयीने पुढे गेला आणि थांबला. फडकं एका बाजूने सुटलं होतं, ते तिने घट्ट गुंडाळलं.

"आज घासली नाहीस?" वरून आवाज आला.

"नाय." तिने मान वर केली नाही. "त्यांचा संसार चाललाय आत. मोडू कशाला?"

"आणि आपला?... वडील आत्ताच तुझ्या बाबांकडे गेलेत."

घागर न भरताच कुसा घराकडे निघाली, आणि हंड्यातलं कालचं पाणी ओतायचं त्या दिवशी साफ विसरली.