बिननावाचा आवाज

दुपारचा चहा आटोपून ती पुन्हा टेबलाशी बसली. इंटरनेटवर लोक एकमेकांना जे काही बोलतात, त्याच्या तक्रारी तिच्याकडे यायच्या. ठेवायचं की काढायचं, एवढंच तिने ठरवायचं. लिहिणाऱ्याचं नाव तिला दिसत नसे, नावाच्या जागी नुसता एक करडा गोल. वाचून वाचून डोळ्यांची वाट लागते म्हणून कंपनीने हेडफोन दिले होते. त्यात यंत्रातली बाई घाणेरड्यातली घाणेरडी शिवीसुद्धा स्टेशनवर गाडी उशिरा येत असल्याचं सांगावं तितक्या थंडपणे वाचून दाखवी.

आजची तक्रार एका शिक्षिकेची होती. शाळेचा प्रमुख अंगचटीला आल्याचं ती उघडपणे बोलली आणि करडे गोल तिच्यावर तुटून पडले. कुणीतरी तिच्या घराचा पत्ताही टाकला होता. तोंड झाकलं की माणूस कुठल्या थराला जाईल, सांगता येत नाही. रोज हेच ऐकून ऐकून टेबलाशी बसलेल्या तिला आता रागही येत नसे. शीण येई, हाडापर्यंत.

अचानक यंत्रातली बाई वाचता वाचता थांबली. हेडफोनमध्ये कुणीतरी श्वास घेतला... अगदी कानाशी.

"आज संध्याकाळी दारात उभा असेन. बघतो कोण वाचवतं तुला."

पुरुषाचा आवाज. किंचित घोगरा, शेवटाला हसल्यासारखा. तो तिच्या नवऱ्याचा आवाज होता.

नवऱ्याचं स्वरयंत्र आजारपणात काढलं, त्याला दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून तो मोबाइलवर लिहून बोले. जुना फोन बिघडला तेव्हा त्याच्या आवाजाचं एकुलतं एक रेकॉर्डिंगही गेलं, आणि ती दिवसभर रडली होती. आता तिने तेच वाक्य पुन्हा ऐकलं. पुन्हा. स्वतःची शिसारी आली, तरी बोट थांबेना.

"तुझ्या कानात बाईच बोलतेय ना गं?" तिने शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला हळूच विचारलं.

"दुसरं कोण बोलणार? तू रजा घे बाई. किती ओढलेली दिसतेस!"

तिने मन घट्ट करून ते वाक्य काढून टाकलं आणि उठून साहेबांकडे गेली. पोलिसांना कळवायचं काम त्यांचं.

"सर, पत्ता दिलाय. आज संध्याकाळचं म्हणतोय..."

"सगळे असंच म्हणतात हो." साहेबांनी डोळे चोळले. "येत कुणी नाही. उद्या बघू."

ती पर्स उचलून तडक घरी निघाली.

दार उघडलं तेव्हा नवरा बुटांच्या नाड्या बांधत होता. नेहमीसारखा गोड हसला. मोबाइलवर लिहून दाखवलं, "लवकर आलीस? जरा पाय मोकळे करून येतो."

तिने दाराला आतून कुलूप घातलं आणि किल्ली मुठीत धरली.

त्याने भुवया उंचावल्या. काळजीने जवळ येऊन तिच्या कपाळाला हात लावला. त्याचे ओठ मिटलेले होते. आणि त्याच्या गळ्यातून, तो घोगरा, लाडका आवाज त्या शिक्षिकेचा पत्ता म्हणू लागला... इमारत, मजला, दाराचा रंग.

दाराचा रंग तर कुणीच लिहिला नव्हता.

तिने कान झाकायला हवे होते. ती ऐकत राहिली.