साचा न वापरणारा मौनीबाबा

लिफ्टचं दार मिटता मिटता त्याने हात घातला आणि त्याच्या कपातली कॉफी थेट तिच्या बाहीवर. ‘सॉरी... आजच रुजू झालोय,’ एवढंच म्हणून तो गप्प. दुपारपर्यंत ऑफिसने त्याचं नाव पाडलं – मौनीबाबा!

तिला मात्र आठवडाभरातच त्याचा संशय येऊ लागला. डेटाबेसमधल्या प्रत्येक तक्त्यासाठी एक क्लास, म्हणजे कोडचा एक तुकडा, लिहावा लागे. माहिती शोधा, साठवा, पुसा – तेच ते दळण. म्हणून तिने खपून एक साचा बनवला होता; तक्त्याचं नाव द्यायचं की क्लास तयार. सगळे तो डोळे झाकून वापरत. हा पठ्ठ्या तेवढा सगळं हाताने लिहायचा! ते तपासायचं काम तिच्याकडे. ती परत पाठवायची, तो पुन्हा तसंच लिहायचा. शेवटी ती तणतणत त्याच्या जागेवर जायची आणि हा... खुशाल हसायचा.

‘माझ्या साच्याशी वाकडं आहे का तुमचं?’

‘छे! छान आहे की.’

‘मग?’

‘सवय... होईल हळूहळू.’

स्वतःचा साचा रचून आपला पत्ता कापायचा डाव आहे, याची तिला खात्रीच पटली. आपण त्याच्या डोळ्यांकडे इतका वेळ का बघतो, हा संशय वेगळाच.

मग मीटिंगमध्ये साहेबांनीच विषय काढला. ‘हे एकटेच वापरत नाहीत, म्हणजे साच्यात काहीतरी खोट आहे. काढूनच टाकूया तो.’

ती बाजू मांडायला उठणार, एवढ्यात तो उभा राहिला.

‘साचा उत्तम आहे, साहेब. तो वापरला की मॅडम काही परत पाठवत नाहीत. मग त्या... माझ्याकडे येतच नाहीत. म्हणून वापरत नव्हतो.’

कुणीतरी खोकलं. साहेब उगाच चष्मा पुसू लागले. ‘साचा राहू दे. आणि तुम्ही... कामात लक्ष द्या!’

ती त्याच्या मागोमाग थेट त्याच्या जागेपर्यंत गेली.

‘ही सारवासारव नसेल कशावरून?’

‘सगळ्यांसमोर हसं करून घेऊन कोण सारवासारव करतं?’

‘माझा साचा गेला असता!’

‘चुकलंच माझं. आजच सगळे क्लास साच्यात बसवून देतो.’

ती मग खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली. तिचे कान लाल झाले होते.

‘सगळे नकोत. रोज एकच बसवायचा... तोही मी इथे बसलेली असताना. माझा अजून विश्वास नाहीये तुझ्यावर.’