एका बटणात सगळी जनावरं

माझ्या खुर्चीत कुणीतरी बसलं होतं! चष्मा, उसवलेला खिसा आणि वर तोंडभर हसू.

"मी दुपारपाळीचा. आजपासून," तो म्हणाला.

"दुपार व्हायचीये अजून," मी म्हणाले आणि त्याला उठवलं.

आमच्या जनावरांच्या दवाखान्यात कॉम्प्युटर एकच. सकाळी मी, दुपारी तो. आलेल्या प्रत्येक जनावराची फाइल मी वेगळ्या खिडकीत उघडते. स्क्रीनच्या तळाच्या पट्टीवर आलेल्या क्रमाने नावं दिसली की माझा जीव थंड. दुसऱ्या दिवशी बघते तर काय — त्याने सेटिंग बदललेलं, पट्टीवर सगळ्या खिडक्या गुंडाळून एकच बटण! आधी कोण, नंतर कोण, काही कळेना. पाळी होती पोपटाची आणि मी घाईत बोक्याला पुकारलं. पोपटवाल्या आजोबांनी मला असं झापलं... आणि पोपटानेही.

"कुत्री-मांजरं एकाच पिशवीत कोंबतोस?" दुपारी मी त्याला धरलंच.

"पट्टी कशी नीटनेटकी दिसते बघ ना. आणि तू रागावलीस की... नाक लाल होतं तुझं."

"माझ्या नाकाचं तू बघू नकोस!"

पण बघत होता, मेला. रोज दुपारी मी त्याच्याकडून खिडक्या सुट्या करून घ्यायचे, सकाळी त्या पुन्हा एकात. पुन्हा भांडण. तो अर्धा चहा माझ्याकडे सरकवायचा, मी भांडता भांडता पिऊन टाकायचे.

"रोज उशीर कसला गं?" आई विचारायची.

"कॉम्प्युटर बिघडलाय."

मग एक दिवस डॉक्टरताई म्हणाल्या, "त्याला सोमवारपासून नव्या दवाखान्यात पाठवतेय. सुटलीस बघ तू!"

सुटले? मी?

शेवटच्या दुपारी त्याने न सांगताच खिडक्या सुट्या केल्या. नावं ओळीने उभी राहिली आणि मला रडूच यायला लागलं.

"आता कुणी गुंडाळणार नाही," तो म्हणाला. मग खाली बघत, "खरं सांगू? मी मुद्दाम करायचो... तू भांडायला थांबायचीस म्हणून."

"माहितीये."

"काय?"

"आणि सुट्या करायला मलाही येतात, पहिल्या दिवसापासून. राइट क्लिक, सेटिंग — त्यात काय एवढं? पण मीच केल्या असत्या, तर तू माझ्या खुर्चीमागे वाकून उभा राहिला असतास का?"

चष्मा घसरला त्याचा. आता कान लाल व्हायची पाळी त्याची होती.

"आवडतोस तू मला," मी सांगून टाकलं. "बोल लवकर, बाहेर मांजर ताटकळलंय."

"मला तर... त्या पोपटाच्या दिवसापासूनच."

मी माउस धरला, त्याच्या हातासकट, आणि सगळ्या खिडक्या पुन्हा एका बटणात गुंडाळल्या.

"अगं, हे काय केलंस?"

"बिघडलाय कॉम्प्युटर. सोमवारी तिकडची पाळी संपली की दुरुस्त करायला ये."

"आणि मंगळवारी?"

"मंगळवारी आमच्याकडे जेवायला. आईलाही कळू दे, रोज काय बिघडत होतं ते."