मनकर्णेच्या नावाची घागर

“घोटभर पानी मिळंल काय?” दारातून आवाज आला आणि मनकर्णाबाईंचे पिठातले हात पिठातच थबकले... इतक्या वर्षांनी ऐकला, तरी आवाज जगदेवदादाचाच!

मोठ्या दुष्काळात विधवा मनकर्णा रिठदचं भावाचं घर सोडून वाशीमच्या मिशनमध्ये आली आणि तिथल्या अनाथ पोरांचं करता करता ख्रिस्ती झाली. ते कळलं तेव्हा ह्याच दादानं आपल्या ओट्यासमोर तिच्या नावानं घागर फोडली, बहीण मेली म्हणून आंघोळ केली. आज तोच मळक्या धोतरात तिच्या उंबऱ्याबाहेर उभा होता.

मनकर्णाबाई तशा फटकळ. पण आज त्यांनी हात झटकले आणि सूप ओढलं. सोवळ्या वाटसरूला देत तसाच कोरा शिधा त्यांनी सुपात काढला: पीठ, डाळ, मीठ, दोन मिरच्या. शेजारी कुंभाराकडची नवी घागर ठेवली.

“विहीर मारोतीच्या देवळाजवळ हाये. तुमच्या हातानं भरा, रांधा. आमचा इटाळ व्हनार नाही.”

‘तुमच्या’! दादाला त्या जन्मात कधी अहोजाहो बोलल्या नव्हत्या!

आत येऊन त्यांनी गुडघे टेकले, पण नेहमीची प्रार्थना ओठांवर येईना. शेवटी त्या मोठ्यानंच बोलल्या, “प्रभू, खोटं कायले बोलू? शिधा देल्ला, माया नाही देल्ली. त्यानं मले जित्तेपनी मारलं! क्षमा कर म्हनतं तू... मले नाही जमत. आता तूच काय ते कर.”

कुडाची भिंत ती. बाहेर सगळं ऐकू गेलं. हुंदका ऐकून त्या दारात आल्या. शिधा तसाच पडलेला, घागर कोरडी, आणि दादा तोंडात उपरणं कोंबून रडत होता.

“मनू, तुही रंगू वहिनी गेली, मानमोडीच्या तापात! मरता मरता तिनं सांगतलं... कनगीत पोरांपुरतेच दाने होते म्हनून तू निंघाली. दादाले सांगू नको, अशी आन घातली होती तूनं तिले. अन् मी समजलो, पोटासाठी बहिनीनं देव इकला!”

वहिनी गेली! मनकर्णाबाई उंबरा ओलांडून दादापाशी बसल्या.

“सांगतलं असतं त तू जाऊ देल्लं असतं काय?” त्या रडत म्हणाल्या. राग सगळा गेला नव्हता. पण दादा उपाशी होता, आणि ते आधी दिसलं. “ऊठ, चूल पेटव. अंधार पडून राह्यला.”

“मी कायले पेटवू? तुह्या हातची भाकर दे. पानीबी तुह्याच माठातलं.”

“गावाले कळलं त वाळीत टाकतीन तुले!”

“टाकू दे. तुले टाकलं तवा मीच पुढं होतो.”

तो आत येऊन पाटावर बसला. जेवणाआधी तिनं डोळे मिटले, तसा तोही घास हातात धरून थांबला. आजची प्रार्थना फार लांबली नाही.

सकाळी त्यानं ती नवी घागर तिच्याच हातानं भरून घेतली आणि खांद्यावर चढवली.

“फोडली होती तिथंच ठेवतो. तू येशीन, तवा पह्यलं पानी तुले.”

“एवढ्या दूर भरली घागर नेतं काय, येड्या? अर्धी सांडंल!” असं ओरडत मनकर्णाबाई वेशीपर्यंत त्याच्या मागं चालत गेल्या.